सवय होणार नाही

माझी ताई रफू करते. कपड्याला पडलेलं भोक त्याच कपड्याच्या धाग्यांनी असं विणून काढायचं की ते कुठे होतं हे मालकालाही सापडू नये, हे तिचं काम. धागे बाहेरून आणायचे नाहीत. शिवणीच्या आत शिंप्याने जी माया, म्हणजे जादा कापडाची पट्टी, सोडलेली असते, तिच्यातून एकेक धागा ओढून काढायचा, केसाएवढ्या सुईत ओवायचा आणि एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून असं मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायचं. बोटाच्या पेराएवढ्या भोकाला अख्खी सकाळ जाते. वीस वर्षं ती हे काम करते आहे आणि या वीस वर्षांत ती एकाही गिऱ्हाइकाशी गोड बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

"हे कसरीने खाल्लंय की तुम्ही?" असं ती कोट हातात घेऊन विचारते. गिऱ्हाईक ओशाळं हसतं. ती हसत नाही. कपडा कधी मिळेल असं विचारलं, तर "झाला की मिळेल" हे ठरलेलं उत्तर. तरी माणसं येतात, कारण असं काम दुसरं कुणी करत नाही, हे तिलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

मी तिची धाकटी बहीण, एका शाळेच्या ऑफिसात कारकून. आमच्या घरात भांडायचं खातं ताईकडे आणि माफी मागायचं माझ्याकडे, अशी वाटणी लहानपणीच होऊन गेली. आई अधूनमधून दोघींवर वैतागते आणि तेवढ्यापुरता समतोल राहतो.

ताईचा नंबर उणे तेरा. त्यात भर म्हणून सिलिंडरचा नंबर चार. चष्म्याच्या काचा इतक्या जाड की त्यांच्यामागे तिचे डोळे बटणांएवढे दिसायचे. शाळेत तिला 'दुर्बीण' म्हणायचे. दुसऱ्या कुणी मान खाली घातली असती. ही हाक ऐकली की वळून म्हणायची, "दुर्बिणीला तुझी वही दिसली. तिन्ही गणितं चुकलीयत." लग्नासाठी बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने तिला म्हटलं, जरा चष्मा काढ बघू. हिने काढला, तिच्या दिशेने दोन क्षण पाहिलं आणि म्हणाली, "आता तुम्ही मला दिसत नाही. फार काही बिघडलं नाही." ते स्थळ तिथेच संपलं. त्यानंतर आईने स्थळं आणायचं बंद केलं.

काम करताना मात्र ती चष्मा लावत नसे. उघड्या डोळ्यांनी कापड चार बोटांवर धरायची, नाक जवळजवळ कापडात. एवढ्या जवळचं तिला जसं दिसायचं तसं तुम्हाआम्हाला भिंगातूनही दिसणार नाही. त्यातही डावा डोळा तिचा कामाचा. कापड नेहमी त्या बाजूला झुकलेलं असायचं.

मग एके दिवशी रस्ता ओलांडताना कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागला, चष्मा पडला आणि मागून आलेल्या बसखाली गेला. तिने फोन नाकाला लावून माझा नंबर शोधला. मी शाळेतून निघून पोहोचेपर्यंत दीड तास गेला. मला वाटलं होतं, पायरीवर रडत बसलेली असेल. ती बँकेच्या पायरीवर बसून तिथल्या पहारेकऱ्याशी भांडत होती. त्याने तिला उठायला सांगितलं होतं.

"उठून कुठे जाऊ?" ती त्याच्या शेजारच्या खांबाला विचारत होती. "मला रस्ता दिसत नाही. तुम्ही दिसत नाही. हात धरून पलीकडे नेताय का? नाही ना? मग बसू द्या."

मी पहारेकऱ्याची माफी मागितली. रिक्षातून घर जवळ आलं तशी ताई म्हणाली, "दोन काचांवर माझं सगळं चालणं-फिरणं टांगलेलं आहे. आता बास."

कॉन्टॅक्ट लेन्सचा प्रयोग पूर्वी होऊन गेला होता. डोळे लाल व्हायचे, एकदा जखमही झाली. लेझरचं विचारायला गेलो, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळी मापं घेऊन मान हलवली. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ आहे, म्हणाले, त्यातून एवढा नंबर घासून काढता येणार नाही. पण डोळ्याच्या आत लेन्स बसवता येईल. ताईची स्वतःची लेन्स जागच्या जागी राहील; तिच्या पुढे आणि बुबुळाच्या मागे ही एक पातळ, मऊ लेन्स. घडी घालून बारीकशा छेदातून आत सोडायची, आत गेली की ती उलगडते.

"आणि टाके?" ताईने विचारलं.

"टाके लागत नाहीत."

ती जराशी निराश झाली असं मला वाटलं.

डॉक्टर चांगला माणूस. कागदावर चित्र काढून त्यांनी सिलिंडरची भानगड समजावली. डोळा चेंडूसारखा गोल नाही, एका दिशेने दाबल्यासारखा आहे. म्हणून ही लेन्सही ठरलेल्या कोनातच बसली पाहिजे. त्यासाठी तिच्यावर बारीक खुणा असतात.

"म्हणजे चौकड्याच्या कापडात तुकडा बसवताना चौकडी जुळवतात तसं," ताई म्हणाली.

"अगदी तसं."

"आणि जुळवल्यावर सरकलं तर?"

"क्वचित सरकतं. मग आत जाऊन परत जुळवायचं."

ताईने मान डोलावली. ही बाई आता नाही म्हणेल, असं वाटून मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास घ्यायच्या बेतात होते. तिने विचारलं, "कधी करायचं?"

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. चार बोटांवरचं ते मोठं दिसणं जाईल. कापड वीतभर लांब धरावं लागेल, बारीक कामाला भिंग घ्यावं लागेल. यावर मात्र ताईने आठवडाभर विचार केला. टेबलावर दिव्यासकट बसवायचं भिंग कुणाकडून तरी आणलं, चष्मा लावून त्याच्याखाली रफूचे चार नमुने केले, ते स्वतःच तपासले, दोन नापास केले. तिसरा आणि चौथा पास झाला, तेव्हा तिने होकार कळवला. लेन्स तिच्या मापाने बनवून यायला दीड महिना लागला.

आधी उजवा डोळा झाला, तीन दिवसांनी डावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठली नाही. मी घाबरून गेले, तर वर बघत पडली होती.

"छताला जाळी आहेत," ती म्हणाली.

"असतील."

"ही आजची नाहीत. इतकी वर्षं मला फसवलंत दोघींनी!"

आईने लगेच झाडू आणला. ताई अंथरुणातून बोट दाखवत होती, तिकडे, त्याच्या डावीकडे, अजून वर. असं सुख मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाची कॉलर उसवली आहे, हेसुद्धा तिने आम्हाला सांगितलं.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी ती कामाच्या खोलीत गेली. लाँड्रीच्या शेजारची एका खिडकीची खोली ती. वकीलसाहेबांचा काळा कोट तिथे महिनाभर वाट बघत होता; खिळ्यात अडकून कोपरापाशी फाटलेला, तिरप्या विणीचा. तासाभरात ती घरी परत आली.

"डाव्या डोळ्यात काहीतरी वाकडं झालंय," ती म्हणाली. "एका अंगाने कललेले धागे दिसतात. दुसऱ्या अंगाने कललेले फासल्यासारखे होतात. काल असं नव्हतं."

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "नवीन आहे. सवय होईल."

"रेघ फिसकटलेली दिसायची सवय कशी होते?"

"ताई, ऑपरेशन होऊन आठवडा नाही झाला."

दोन दिवसांनी नेमलेली तपासणी होती. शाळेतून रजा काढून मी बरोबर गेले. माझी त्या वर्षातली शेवटची रजा होती ती, आणि हे मी तिला रस्त्यात दोनदा ऐकवलं.

आता जे झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लहानपणी दरवर्षी शाळेत डोळे तपासायचे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर मोठं, खाली खाली बारीक होत जाणारं. चष्म्याचा नंबर वाढला की घरी आई उदास व्हायची, म्हणून ताईने तक्ता पाठ करायला सुरुवात केली. मी मधल्या सुट्टीत तक्त्याजवळ जाऊन ओळी वाचून यायचे आणि तिला सांगायचे. तिने त्याला चाल लावली होती. पुढे माझी गरज उरली नाही. एका डोळ्याने वाचतानाच ती ओळी पाठ करून टाकायची आणि दुसऱ्या डोळ्याला त्याच म्हणून दाखवायची. खरोखर वाचताना ती अडखळते, नाक मुरडते. पाठ म्हणताना सरळ चालीवर जाते. हा फरक जगात दोन माणसांना कळतो. एक ती आणि दुसरी मी.

तपासणीच्या खोलीतल्या मॅडम झपाझप काम करणाऱ्या होत्या. बाहेर पंचवीस माणसं ताटकळत होती. उजवा डोळा उघडा ठेवून ताईने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. अडखळत, नाक मुरडत. मग मॅडमनी उजवा झाकला आणि म्हणाल्या, "वाचा." आणि ताईच्या तोंडून चाल निघाली. वरपासून खालपर्यंत, एकही अक्षर न चुकता.

"वा!" मॅडमनी लिहून टाकलं. "दोन्ही डोळे सारखे."

"नाही," ताई म्हणाली. "डाव्याने फिसकटलेलं दिसतं."

"अहो, सगळी ओळ तर वाचलीत!"

ताईचं तोंड उघडं राहिलं. आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा कळलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. शेवटची रजा, बाहेरची रांग, डॉक्टरांसमोर खोटं पडण्याची लाज, काय काय माझ्या डोक्यात होतं कुणास ठाऊक. मी मूग गिळून बसले.

मॅडमनी तिला समजावलं. आधी चार बोटांवरून मोठं दिसायचं, ते गेलं, म्हणून असं वाटतं. सगळ्यांना वाटतं. डोळ्याचं प्रेशर पाहिलं, ठीक होतं. थेंब चालू ठेवा, महिन्याने या, सवय होईल.

"सवय होणार नाही," ताई म्हणाली.

मी मॅडमची माफी मागितली.

पुढचे दहा दिवस आमच्या घरात फार वाईट गेले. ताईने वकीलसाहेबांना बोलावून कोट न दुरुस्त करता परत दिला. वीस वर्षांत हे पहिल्यांदाच. वकीलसाहेब म्हणाले, कसंही करून द्या हो, कोपराकडे कोण बघतंय? ती म्हणाली, "मी बघते." खोलीला कुलूप लावून ती घरी बसली आणि जो येईल तो तिला शहाणपण शिकवायला लागला. शेजारीण म्हणाली, देवाने दिलेल्या डोळ्यात हात घालायलाच नको होता. आई म्हणाली, रस्ता दिसतोय ना, मग झालं. मी सगळ्यात वाईट. मी रोज तिला समजावत होते की तिला नीट दिसतं आहे.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा दाराजवळच्या भिंतीवर ताटाएवढं गोल पांढरं कापड लटकत होतं. त्यावर काळ्या धाग्याने शिवलेल्या रेघा, सगळ्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. एकूण अठरा, एकीच्या टोकाला लाल गाठ. माझ्या टेबलावरचा कोनमापक तिने पळवला होता. कापडाच्या मध्यावर खिळा, आणि खिळ्याजवळ आई उभी.

"फिरव," ताई खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाली. तिने उजवा डोळा रुमालाने बांधला होता आणि आई कापड फिरवेपर्यंत ती पाठ करून उभी राहायची. मग वळून म्हणायची, "आता आठवी रेघ फासलेली. लाल गाठीपासून आठवी." आई बोटाने मोजायची, मी कोनमापक लावायचा. परत फिरव. आता तिसरी. परत. आता चौदावी. कापडावरची रेघ दर वेळी वेगळी होती, पण भिंतीवर तिची दिशा एकच, घड्याळात दोनवर काटा असतो तशी. बारा वेळा केलं. बाराही वेळा तीच. मग रुमाल सोडून डावा डोळा बांधला, तर उजव्याला सगळ्या रेघा सारख्याच काळ्या.

"मला तर सगळ्याच अंधुक दिसतायत," आई म्हणाली. "मलाही न्या एकदा दवाखान्यात."

"दोष कापडात असता तर कापडाबरोबर फिरला असता," ताई म्हणाली. "माझ्या मनात असता तर बारा वेळा एका जागी सापडला नसता. आत काहीतरी फिरलंय."

मी कोनमापक हातात धरून उभी होते. मला सगळं समजलं होतं, म्हणजे खरं तर तपासणीच्या खोलीतच समजलं होतं. तरी मी म्हटलं, "महिन्याने बोलावलंय. तेव्हा दाखवू."

ताईने खिळ्यावरून कापड काढलं, घडी घातली. "मी उद्या जाते. तुला रजा नसेल तर नको येऊस."

मी गेले. बिनपगारी.

दवाखान्यातल्या काउंटरवर सांगितलं, तारीख नाही, आज जमणार नाही. ताई म्हणाली, "मी बसते." आणि ती बसली. दोनदा कुणीतरी येऊन सांगून गेलं की आज डॉक्टरांना वेळ नाही. दोन्ही वेळा ती "बरं" म्हणाली आणि बसून राहिली. तिसऱ्या वेळी त्या मॅडम स्वतः आल्या, हातात तिची फाइल.

"तुमचा रिपोर्ट उत्तम आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "डाव्या डोळ्याने शेवटची ओळ वाचलीय तुम्ही. इथे लिहिलंय."

"तो रिपोर्ट खोटा आहे," ताई म्हणाली. "मी खोटा केला. उजव्याने वाचलं ते पाठ करून डाव्याला म्हटलं. लहानपणापासूनची खोड आहे माझी, तोंडातून निघून गेलं."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, "आज असं म्हणताय. त्या दिवशी तुम्ही वाचलंत, मी ऐकलं."

"हिला विचारा," ताई म्हणाली.

मी कुठल्याही भांडणात पडत नाही. शाळेत मुख्याध्यापक माझ्यावर दुसऱ्याच्या चुकीसाठी ओरडतात, तेव्हाही मी सॉरी सर म्हणते. त्या बाकावर बसून मला एवढंच कळत होतं की मी आत्ता नाही म्हटलं, तर ताईचा डोळा तसाच राहील आणि ती खोली पुन्हा उघडणार नाही. आणि मी हो म्हटलं, तर मी दहा दिवस काय केलं ते सगळ्यांना कळेल.

"खरं आहे," मी म्हटलं. "ती पाठ म्हणत होती. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही." आणि मग, मला स्वतःलाच धक्का बसावा अशा आवाजात, "पण तुम्हीही तिचं ऐकलं नाहीत! ती नाही म्हणत होती, तेव्हा तुम्ही वा म्हणून लिहून टाकलंत."

मॅडमनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "या आत."

हनुवटी टेकवायच्या मशीनमधून चिठ्ठी निघाली. डाव्या डोळ्यात सिलिंडरचा नंबर होता, जो आता नसायला हवा होता. ताईने चिठ्ठी वाचायच्या आधीच कापड उलगडून बोटाने दिशा दाखवली. मॅडमनी चिठ्ठीवरचा कोन पाहिला, कोनमापक मागितला, स्वतः लावून बघितला. मग डॉक्टरांना बोलवायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "चूक झाली. मी मशीनवर बघायला हवं होतं." एवढं सरळ बोलणारी माणसं कमी असतात, हे ताईनेही कबूल केलं. नंतर, घरी.

बाहुली मोठी करायचे थेंब घालून अर्ध्या तासाने डॉक्टरांनी डोळ्यात पाहिलं. लेन्सवरच्या खुणा जिथे हव्या होत्या तिथे नव्हत्या. बारा अंशांनी फिरली होती. आतल्या मापाला किंचित लहान पडली असावी, म्हणाले, म्हणून सैल बसली.

मग ते माझ्याकडे वळले. नातेवाइकांकडे वळतात तसे. "दोन मार्ग आहेत. आत जाऊन लेन्स परत जुळवायची. पण पुन्हा डोळ्यात शिरायचं म्हणजे धोका शून्य नसतो. संसर्ग होऊ शकतो, त्यांच्या स्वतःच्या लेन्सला धक्का लागू शकतो. शिवाय परत फिरली, तर एक माप मोठी मागवून बदलावी लागेल. दुसरा मार्ग सोपा. पातळ काचेचा चष्मा द्यायचा. दिसेल छान. तुम्ही जरा समजवा त्यांना."

आदल्या दिवशी मी लगेच समजवायला सुरुवात केली असती. चष्मा पातळच आहे, ताई. काय बिघडलं, ताई. माझ्या तोंडात ती वाक्यं तयार होती.

"तिचा डोळा आहे," मी म्हटलं. "तिला विचारा."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली आणि तेच सगळं पुन्हा, ताईकडे बघून सांगितलं. धोका शब्दन् शब्द. तिने मधे तोडलं नाही. तिची बाहुली थेंबांनी एवढी मोठी झाली होती की डोळा सगळा काळाच दिसत होता. हात मांडीवर घट्ट धरले होते. ताईला भीती वाटते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिचा कामाचा डोळा होता तो. तो गेला तर पुढे काय, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

"चौकडी चुकली तर मी उसवते," ती म्हणाली. "वरून ठिगळ लावत नाही. जुळवा."

चार दिवसांनी डॉक्टरांनी लेन्स जुळवली. पंधरा मिनिटं लागली. मी बाहेर बसून नखं खाल्ली. दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि मग महिन्याने तपासणी, असं ठरलं. पहिल्या दोन्ही वेळा ती कुणाशी काही बोलली नाही. मागच्या वेळी पाच दिवस बरं होतं, म्हणाली, मला घाई नाही. महिन्याच्या तपासणीला मॅडमनी तक्त्याला हातच लावला नाही. ताईकडून कापड मागून घेऊन त्यांनी ते आधीच खोलीच्या टोकाला टांगून ठेवलं होतं. डॉक्टरही येऊन दाराशी उभे राहिले. मॅडमनी ताईचा उजवा डोळा झाकला, पेन हातात घेतलं आणि विचारलं, "कसं दिसतंय?"

ताई बघत राहिली. बाहेर रांग होती. कुणीतरी दार ढकलून डोकावलं, डॉक्टरांनी हाताने थांबवलं. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण त्या लिहीत नव्हत्या.

"उभ्या बरोबर," ताई म्हणाली. "आडव्या बरोबर. कललेल्या... थांबा. कापड जरा फिरवा."

मॅडम उठल्या, कापड फिरवलं, परत येऊन बसल्या.

"अजून एकदा."

त्या पुन्हा उठल्या.

"सगळ्या सारख्या," ताई म्हणाली. "लिहा आता."

मॅडमनी लिहिलं. मी रुमाल शोधत होते, तेवढ्यात ताई खुर्चीवरून उठली, कापड काढून पिशवीत घातलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चष्म्याशिवाय, दोन हातांवरून, सरळ माझ्या तोंडाकडे बघत.

"एवढ्या दिवसांत एकदा तरी तू विचारलंस का मला, कसं दिसतंय म्हणून?" ती म्हणाली. "नीट दिसतं, हे मात्र रोज सांगत होतीस."

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं विचारलं. पहिल्या दिवसापासून, एकदाही.

"कसं दिसतंय, ताई?" मी विचारलं.

"आता नाही सांगत," ती म्हणाली आणि माझ्या पुढे निघून एकटीने रस्ता ओलांडला.